जुनी लेन्स घरी साफ करताय? आधी या चुका टाळा

"आपल्याकडं कोरडी हवा, लेन्सला बुरशी कशाला लागतीय?" परभणीत हे मी कितीदा तरी ऐकलंय. पण पारा 42 च्या पुढं गेला की खोलीत कूलर सुरू होतो, आणि त्याच खोलीतल्या कपाटात, चामड्याच्या कव्हरात काकांचा जुना झेनिट कॅमेरा पडलेला असतो. कूलरची ओल चामडं धरून ठेवतं. बुरशीला आणखी काय पाहिजे? लेन्स कव्हरातून काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की गरम करून परत वापरता येतात. फक्त पोळीचा तवा घेऊ नका, त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं.

बुरशी दिसली की बरेच जण लेन्स उन्हात पत्र्यावर ठेवतात. ऊन बुरशीला मारक आहे खरं, पण मे महिन्यातल्या पत्र्यावर आतलं जुनं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर, म्हणजे आत किती प्रकाश यावा ते ठरवणाऱ्या पडद्यावर, उतरतं. ऑटो लेन्सची, म्हणजे फोटो काढताना आपोआप मिटणारी पाती मग चिकटून उशिरा मिटतात, प्रकाश जास्त येतो आणि फोटो पांढरे पडतात. शिवाय भिंग ते भिंगच. खाली कडबा असला तर धूर निघायला वेळ लागत नाही. अडकलेल्या रिंगवर गंज काढायचा स्प्रे मारला तरी पात्यांचं हेच होतं.

उपरण्यानं काच पुसू नका. आपल्या धुळीत बारीक कण असतात, ते काचेवरच्या पातळ थरावर (कोटिंगवर) घासले जातात. तोंडानं फुंकरही नको, थुंकी उडते. आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी पंपानं) धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, आणि मधून कडेकडं हलका हात. अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं, रिंगवरचे आकडेही पुसतं.

आता उघडण्याचं. मागून टॉर्च मारून बघा. धुळीचे चार ठिपके फोटोत येत नाहीत, त्यासाठी लेन्स खोलू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तरच खोला. जपानी लेन्सचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं त्यांची डोकी गुळगुळीत होतात. प्रत्येक काच काढताना कडेवर पेन्सिलीनं बाण करा, नाहीतर उलटी बसते.

मी स्वतः हेलिओस 44-2 ही जुनी सोव्हिएत लेन्स खोलताना फोकसची हेलिकॉइड, म्हणजे काच पुढंमागं करणारी आट्यांची नळी, खूण न करताच फिरवून काढली. तिच्या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात. चुकीच्या तोंडातून बसवली, तर रिंग झकास फिरली, पण गच्चीवरून पाहिलं तर लांबची पाण्याची टाकी काही केल्या स्पष्ट होईना. एकेक तोंड धरून पुन्हा बसवत गेलो, संध्याकाळ गेली. आटे सुटतात त्या क्षणी दोन्ही भागांवर रेघ मारली असती तर दहा मिनिटांचं काम होतं.

काचेच्या कडेला आत इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे दिसले, तर ती बुरशी नाही. दोन काचा जोडणारा डिंक (जुन्या लेन्समध्ये बहुधा कॅनडा बाल्सम) सुटलाय. ती जोडी अल्कोहोलमध्ये भिजवू नका, आहे तशी परत बसवा.