एक्स्टेंशन की डेस्कटॉप ॲप : बसवण्यापूर्वीची तयारी

स्क्रीनशॉट घेणारे साधन क्रोमचे एक्स्टेंशन (ब्राउझरमध्येच बसणारी छोटी जोडणी) म्हणून जोडावे की विंडोजवर स्वतंत्र ॲप म्हणून बसवावे, हे ठरवण्याआधी आपला नाजूक ऐवज कुठे आहे ते पाहून घ्यावे. बँक आणि ईमेल ब्राउझरमध्येच उघडत असाल, तर एक्स्टेंशन आकाराने छोटे म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडावा.

एक्स्टेंशन जोडताना येणारी परवानगीची चौकट शेवटपर्यंत वाचावी. सर्व वेबसाइटवरील सर्व डेटा वाचण्याची व बदलण्याची मुभा त्यात मागितली असेल, तर लॉगिननंतर दिसणारी शिल्लक आणि फॉर्ममध्ये टंकलेला मजकूरही त्याला वाचता येतो. एचटीटीपीएसचे, म्हणजे वाटेत डेटा सांकेतिक करून पाठवण्याचे, संरक्षण येथे उपयोगी पडत नाही, कारण पान आपल्यासमोर उलगडल्यावरच हे वाचन होते. स्क्रीनशॉटसाठी खरे तर क्लिक केल्यावर चालू टॅबपुरता प्रवेश पुरतो. म्हणून क्रोममधील एक्स्टेंशनच्या तपशिलाच्या पानावर जाऊन साइट प्रवेश ‘क्लिक केल्यावर’ असा ठेवावा. ही काटकसर पुढेही कामी येते : एक्स्टेंशन न विचारता अद्ययावत होते, आणि नव्या आवृत्तीला आणखी मोठी परवानगी लागली तरच क्रोम ते थांबवून पुन्हा संमती मागतो, सगळे आधीच देऊन बसलेल्याला विचारण्यासारखे काही उरतच नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन 2020 मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. तेव्हा मालक बदलला आहे का, हेही अधूनमधून पाहावे.

डेस्कटॉप ॲपचा आवाका याहून मोठा असतो. प्रशासकाची परवानगी न मागणारे ॲपसुद्धा आपल्या खात्यातील कागदपत्रे, फोटो आणि ब्राउझरचे प्रोफाइल फोल्डर (जिथे इतिहास, कुकीज वगैरे साठतात) उघडू शकते, आणि विंडोज त्याबद्दल सहसा चकार शब्द काढत नाही. त्यामुळे इन्स्टॉलर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल स्वाक्षरी (फाइल कोणत्या निर्मात्याची आहे याची खूण) पाहावी, आणि विंडोज प्रो असल्यास प्रथम ‘विंडोज सँडबॉक्स’ या बंद करताच पुसल्या जाणाऱ्या वेगळ्या कप्प्यात चालवून पाहावा. एक्स्टेंशनच सोबत ॲप बसवायला सांगत असेल, तर दोन्हींची जोखीम एकत्र धरावी.

अर्थात, नुसता स्क्रीनशॉटच हवा असेल, तर विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबून विंडोजचीच स्क्रीनशॉटची सोय आधी पाहावी.