घानातील निवडणुकीचा वाद कसा तपासावा: सुरुवात गुलाबी कागदापासून

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात दर चार वर्षांनी ७ डिसेंबरला अध्यक्षपदासाठी आणि संसदेसाठी मतदान होते. त्यानंतर बहुतेक वेळा दोन विधाने सारख्याच ठामपणे ऐकू येतात: एक म्हणजे निवडणूक चोरली गेली, आणि दुसरे म्हणजे ती पूर्णपणे निर्मळ झाली. १९९२च्या संविधानानंतर तेथे नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस (एनडीसी) आणि न्यू पेट्रिऑटिक पार्टी (एनपीपी) या दोन पक्षांमध्ये सत्ता अनेकदा शांततेने बदलली आहे. त्यामुळे बाहेरचे लोक घानाला आदर्श लोकशाही म्हणून मोकळे होतात, आणि हरलेल्या पक्षाची तक्रार मग कोणी नीट ऐकतही नाही. कोणतीही तक्रार अशी प्रतिमेच्या आधारे स्वीकारू नये आणि झटकूनही टाकू नये. घानाची निवडणूक कागदावर उभी आहे, म्हणून बहुतेक दावे तपासता येतात. फक्त दावा कोणत्या टप्प्याबद्दल आहे, हे आधी निश्चित करावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न मतदान केंद्राबद्दल विचारावा. घानात मतदान यंत्र नाही. बायोमेट्रिक यंत्रावर ओळख पटली की मतदाराला छापील मतपत्रिका मिळते आणि तो उमेदवाराच्या रकान्यात अंगठा उमटवतो. अकान भाषेत अंगठ्याला ‘कोक्रोमोटी’ म्हणतात, आणि मतदाराच्या ताकदीचा उल्लेख करतानाही हाच शब्द वापरला जातो. संध्याकाळी पाच वाजता मतदान संपले की त्याच केंद्रावर, जमलेल्या लोकांसमोर, मतपत्रिका मोजल्या जातात. मग केंद्राध्यक्ष एक तक्ता भरतो. त्यात केंद्रावर नोंदलेले मतदार किती, मतपत्रिका किती दिल्या, बाद किती झाल्या आणि प्रत्येक उमेदवाराला मते किती पडली, हे सगळे येते. मते अंकांत लिहितात आणि अक्षरांतही. पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात आणि त्यांना त्याची प्रत मिळते. ही प्रत गुलाबी असते, म्हणून सारा देश या तक्त्याला ‘पिंक शीट’ म्हणतो. आपल्याकडे मतदान प्रतिनिधीला मिळणारा फॉर्म १७ सी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की मोजणी तेथेच होत असल्याने केंद्राचा निकालही त्याच कागदावर असतो.

एखादा नेता ‘आमची लाखो मते गायब झाली’ असे म्हणाला, तर कोणत्या केंद्रांच्या पिंक शीट तो पुढे करतो, हे पाहावे. मोठ्या पक्षाचे प्रतिनिधी जवळजवळ प्रत्येक केंद्रावर असतात, त्यामुळे ‘आमच्याकडे कागद नाहीत’ ही सबब फार काळ टिकत नाही. कागद पुढे आला की त्याची तपासणी अगदी साध्या बेरीज-वजाबाकीची असते. उमेदवारांची मते आणि बाद मते यांची बेरीज दिलेल्या मतपत्रिकांपेक्षा जास्त भरते का, ओळख पटवलेल्या मतदारांपेक्षा पेटीत जास्त मतपत्रिका निघाल्या का, अंक आणि अक्षरे जुळतात का, आणि सही आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. प्रत मूळ आहे की मोबाइलवर काढलेला फोटो, हेही विचारावे. २०२४च्या निवडणुकीत राजधानी अक्रामधील अब्लेकुमा नॉर्थ मतदारसंघाचा संसदीय निकाल याच प्रश्नावर महिनोन्महिने अडकला. काही केंद्रांच्या केवळ स्कॅन केलेल्या प्रती उपलब्ध होत्या आणि त्यांची खातरजमा झालेली नव्हती. शेवटी ११ जुलै २०२५ रोजी १९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले, आणि त्या दिवशीही केंद्रांवर मारहाण झाली.

केंद्रावरचा कागद बरोबर असला, तरी पुढच्या बेरजेत चूक होऊ शकते. केंद्रांचे आकडे मतदारसंघाच्या संकलन केंद्रात एकत्र होतात, तेथून ते १६ प्रांतांच्या पातळीवर जातात आणि शेवटी अक्रा येथे निवडणूक आयोगाकडे पोहोचतात. प्रत्येक पायरीवर हाताने लिहिणे आणि पुन्हा बेरीज करणे आलेच. म्हणून अंतिम आकडा ऐकल्यावर वाचकाने स्वतः गणित करून पाहावे, असा माझा आग्रह आहे, आणि सरावासाठी २०२० सालाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

९ डिसेंबर २०२० रोजी आयोगाच्या अध्यक्ष जीन मेन्सा यांनी एनपीपीचे नाना अकुफो-अडो यांना ६७,३०,४१३ मते आणि ५१.५९५ टक्के, तर एनडीसीचे जॉन महामा यांना ६२,१४,८८९ मते आणि ४७.३६६ टक्के मिळाल्याचे जाहीर केले. एकूण वैध मते त्यांनी १,३४,३४,५७४ सांगितली. आता या आकड्याने अकुफो-अडो यांच्या मतांना भागले, तर जेमतेम ५०.१ टक्के येतात. सर्व उमेदवारांच्या मतांची प्रत्यक्ष बेरीज मात्र १,३१,२१,१११ होते, आणि तिने भागले की ५१.२९५ टक्के येतात. जाहीर झालेली टक्केवारी यांपैकी कशाशीच जुळत नव्हती. आयोगाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती केली आणि वैध मतांच्या जागी झालेल्या एकूण मतदानाचा आकडा वाचला गेल्याचे सांगितले. पण टेचिमन साउथ या एका मतदारसंघाचा निकाल हाती नसतानाच घोषणा झाली होती आणि तेथे १,२८,०१८ मतदार नोंदलेले होते. महामा यांच्या बाजूने असे मांडले गेले की हे सगळे मतदार जाहीर केलेल्या एकूण संख्येत मिळवले, तर विजेत्याचा वाटा ४९.६२५ टक्क्यांवर येतो. संविधानाच्या कलम ६३ नुसार वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय कोणी अध्यक्ष होत नाही, आणि तसे न झाल्यास २१ दिवसांत दुसरी फेरी घ्यावी लागते. म्हणून या अर्ध्या टक्क्याला एवढे महत्त्व.

हा युक्तिवाद तपासताना त्याचा पाया कोणता, हे पाहावे. जो आकडा चुकीचा असल्याचे दुसऱ्या दिवशी मान्य झाले, त्याच्यावरच तो उभा होता. शिवाय टेचिमन साउथमधील प्रत्येक नोंदलेल्या मतदाराने मत दिले आणि त्यातले एकही विजेत्याला मिळाले नाही, असे त्यात धरले होते. योग्य बेरजेवर तो टिकत नाही, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनीही ४ मार्च २०२१ रोजी याचिका एकमताने फेटाळली. तरीही आयोगाचा दोष त्यामुळे लहान ठरत नाही. देशाचा अध्यक्ष जाहीर करताना चुकीची बेरीज वाचणारी संस्था संशयाला स्वतः दार उघडून देते.

न्यायालयाचा निकाल वाचताना याचिका फेटाळली गेली एवढ्यावर थांबू नये. कलम ६४ नुसार निकाल जाहीर झाल्यापासून २१ दिवसांत अध्यक्षीय निवडणुकीला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान देता येते. तसे पहिले मोठे आव्हान २०१२च्या निवडणुकीनंतर अकुफो-अडो यांनी महामा यांच्या विजयाला दिले. न्यायमूर्ती विल्यम अटुगुबा यांच्या अध्यक्षतेखाली नऊ न्यायमूर्तींसमोर महिनोन्महिने सुनावणी झाली, ती दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली, आणि ‘पिंक शीटवर जे दिसते ते’ हे शब्द बाजारात आणि बसथांब्यावरही लोकांच्या तोंडी बसले. दाखल केलेल्या पिंक शीट नक्की किती, यावरही दोन्ही बाजूंचे एकमत होईना, तेव्हा ती मोजणी एका लेखापरीक्षण संस्थेकडे सोपवावी लागली. २९ ऑगस्ट २०१३ रोजी याचिका फेटाळली गेली. परंतु जादा मतदान, बायोमेट्रिक पडताळणीविना मतदान आणि केंद्राध्यक्षाची सही नसणे या मुद्द्यांवर न्यायमूर्तींमध्ये मतभेद होते. अधिकाऱ्याने सही केली नाही म्हणून रांगेत उभे राहिलेल्या मतदाराचे मत का रद्द करावे, हा बहुमताचा विचार मला पटतो. ज्यांना तो पटत नाही, त्यांचेही म्हणणे पोकळ नाही, कारण सहीची अट संविधानातच लिहिलेली आहे. त्या खटल्यात आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष क्वाड्वो अफारी-ग्यान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला सामोरे गेले होते. २०२१ मध्ये जीन मेन्सा यांनी साक्ष दिली नाही आणि न्यायालयाने त्यांना भागही पाडले नाही. कायद्याने ते योग्य असेल. लोकांना उत्तर मिळण्याची मोठी संधी मात्र गेली.

मतदार यादीवरचा वाद आला की वेगळी पद्धत वापरावी: आज जो पक्ष बोलतो आहे, तो मागच्या निवडणुकीपूर्वी काय म्हणत होता, हे शोधावे. २०१५ मध्ये विरोधात असलेल्या एनपीपीने, यादीत शेजारच्या टोगोमधील मतदारांची नावे असल्याचा आरोप करून नवी यादी मागितली आणि सत्ताधारी एनडीसीने तिला विरोध केला. २०२० मध्ये आयोगाने खरोखरच नवी यादी केली, तेव्हाही एनडीसी विरोधात होती, आणि जुने मतदार ओळखपत्र पुरावा म्हणून का चालत नाही, हा वाद न्यायालयात गेला. २०२४ मध्ये त्याच यादीच्या न्यायवैद्यक तपासणीची मागणी करत एनडीसी रस्त्यावर उतरली. यावरून यादीबद्दलची प्रत्येक तक्रार खोटी ठरत नाही. मात्र पक्षाची भूमिका आणि यादीतील दोष या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, एवढे यातून कळते.

दोन्ही पक्षांच्या पलीकडचा पुरावा हवा असेल, तर स्थानिक निरीक्षकांच्या समांतर मतगणनेकडे पाहावे. कोडेओ ही नागरी संस्थांची आघाडी देशभरातून शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या केंद्रांवर निरीक्षक बसवते, तेथील जाहीर आकडे गोळा करते आणि त्यांवरून अंदाज मांडते. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार आहे. फक्त शिते कोठून उचलायची, याचा नियम आधी ठरलेला असतो. अंदाज किती टक्क्यांनी चुकू शकतो, याची सोबत दिलेली मर्यादा अवश्य वाचावी. २००८च्या दुसऱ्या फेरीत एनडीसीचे जॉन अटा मिल्स यांना ५०.२३ टक्के मते मिळाली आणि फरक सुमारे चाळीस हजार मतांचा होता. इतक्या चुरशीत नमुन्यावरून विजेता ठरवता येत नाही. तेव्हा टाइन या एका मतदारसंघात २ जानेवारी २००९ रोजी मतदान होईपर्यंत देशाला थांबावे लागले. उलट २०२४ मध्ये महामा ५६ टक्क्यांहून अधिक मते मिळवून जिंकले, आणि एनपीपीचे उमेदवार महामुदू बावुमिया यांनी आयोगाच्या घोषणेपूर्वीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, पराभव मान्य केला.

एवढे सगळे करूनही जे कोणत्याच पिंक शीटवर उमटत नाही, त्यासाठी एक प्रश्न राखून ठेवावा: ज्यांना मतपत्रिकाच मिळाली नाही, ते कोण? २०१९ मध्ये व्होल्टा प्रांतातून ओटी हा नवा प्रांत निघाला. सांट्रोकोफी, अक्पाफू, लिकपे आणि लोलोबी हे परिसर नव्या प्रांतात गेले, पण त्यांच्यासाठी मतदारसंघ वेळेवर तयार झाला नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी आयोगाने जाहीर केले की तेथील लोक अध्यक्षपदासाठी मत देतील, खासदारासाठी देणार नाहीत. ७ डिसेंबर २०२० रोजी तेथील केंद्रांवर एकाच निवडणुकीची मोजणी झाली, तक्ते भरले गेले, सह्या झाल्या, आणि त्या कागदांत शोधूनही दोष सापडला नसता. त्या चार परिसरांतील लोकांना आपला खासदार मिळाला तो ग्वान मतदारसंघ तयार झाल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये. तोपर्यंतची चार वर्षे संसदेत त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.