‘गाय गाभडली’ हा शब्द मला उशिरा कळला

पशुवैद्यकीय पदवीनंतर मी विस्तार शिक्षण, म्हणजे शास्त्रीय माहिती पशुपालकांपर्यंत पोचवण्याचा विषय, घेतला आणि संशोधनासाठी सांगोला तालुक्यातल्या गावांत फिरू लागलो. जनावरांच्या आजारांबद्दल पशुपालकांना कितपत माहिती आहे, हे मला मोजायचं होतं. अशाच कामासाठी पहिल्यांदा गावात जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

माझ्या प्रश्नावलीत आजारांची नावं एकाखाली एक होती आणि समोर ‘हो’, ‘नाही’ असे रकाने. लाळ्या खुरकूत, घटसर्प यांना बहुतेक जण हो म्हणायचे. फऱ्या म्हटलं की काही जण गप्प बसायचे. त्याच आजाराला ‘एकटांग्या’ म्हटलं की लगेच कुणाचा बैल कसा लंगडला, मांडीवर दाबलं की कसं कुरकुर वाजायचं, सगळं सांगायचे. कासदाहाचं, म्हणजे कासेच्या सुजेचं, तेच. तिकडे तो ‘दगडी’. ब्रुसेलोसिसला मात्र सगळीकडे ‘नाही’. मी शून्य गुण टाकत पुढे जायचो.

एका वस्तीवर एका मावशींनाही असंच शून्य दिलं आणि वही मिटली. चहा येईपर्यंत सहज विचारलं, यंदा गोठ्यात काही नुकसान झालं का? त्या म्हणाल्या, “गेल्या साली गाय गाभडली की. सातवा महिना व्हता. वार पडंना, म्हणून म्याच हात घालून काढली.” थोडं थांबून म्हणाल्या, “तवापास्नं माझा ताप जाईना. येतो, उतरतो. सांधं धरल्यात.”

उशिराच्या महिन्यात गर्भ पडणं, म्हणजेच गाभडणं, वार (गर्भाभोवतीचं जार) अडकणं, मग माणसाला चढउतार करणारा ताप आणि सांधेदुखी: पुस्तकातलं ब्रुसेलोसिसचं पान त्या बाईनं मला तोंडपाठ सांगितलं होतं. हा आजार जनावराकडून माणसाला होतो. पहिल्या दोन गोष्टी तिसरीशी जोडलेल्या आहेत, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन ठिकाणी औषधाला जाऊन आल्या होत्या. दोन्हीकडे तापाच्या गोळ्या मिळाल्या. घरी गाय आहे का, हे कुणी विचारलं नाही. मी त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि डॉक्टरांना गाय गाभडल्याचं आधी सांगा, असं बजावलं. तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला आणि सहा आठवड्यांचे उपचार सुरू झाले.

घरी येऊन मी प्रश्नावली नव्यानं लिहिली. आजाराचं नाव शेवटी टाकलं. आधी विचारायचं: शेवटचं कोणतं जनावर आजारी पडलं? पहिल्यांदा काय दिसलं? त्या दिवशी तुम्ही काय केलं, कुणाला बोलावलं? मेलेलं वासरू, पडलेली वार कुठे टाकली? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘उकिरड्यावर’ असं येतं, आणि तिथून ती वार कुत्री गावभर नेतात. खड्डा खोलवर घेऊन चुना टाकून पुरायचं, हे तिथल्या तिथे सांगून टाका. संशोधन झाल्यावर सांगू म्हणून थांबू नका.

मुलाखत कुणाची घ्यायची, यावरही बरंच अवलंबून आहे. सातबारा पुरुषाच्या नावावर असतो, म्हणून आपण त्यालाच गाठतो. पण शेण काढणारी, धार काढणारी, गाभण गाईजवळ रात्री जागणारी बाई असते. पुरुष बोलत असताना आतून एखादी दुरुस्ती ऐकू आली, तर पेन तिकडे वळवा. वेळ सकाळ-संध्याकाळच्या धारेनंतरची घ्या. दूध संकलन केंद्रावर रांगेत माणसं भेटतात, पण घाईत असतात. तिथे फक्त ओळख करून घ्यावी.

लसीबद्दल ‘घेतली का?’ एवढंच विचारलं तर साहेबाला बरं वाटेल असं उत्तर मिळतं. ‘का घेतली नाही?’ हे आपुलकीनं विचारलं की खरं कारण बाहेर येतं: दूध कमी होतं, गाभण जनावराला इजा होते. एक-दोन दिवस दूध घटू शकतं, हे नाकारू नका. ज्याच्या घरचा आठवड्याचा बाजार त्या दुधावर चालतो, त्याला तो तोटा खराच असतो. कानातला बारा अंकी बिल्ला जनावराच्या ओळखीचा असतो, पण तो विम्याचा आहे, असंही अनेकांना वाटतं. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आयुष्यात एकदाच द्यायची असते, हे कळल्यावर मात्र लोक स्वतःहून वय मोजायला लागतात.

2022 मध्ये लम्पी आला तेव्हा अंगावरच्या गाठी पाहून पोरंसुद्धा आजार ओळखत होती. तरी दूध प्यावं की नाही, याचीच भीती जास्त होती. लम्पी माणसाला होत नाही, हे गोठोगोठी सांगावं लागलं. उलट वार हातानं काढायला कुणाला भीती वाटत नाही. लाळ गाळणाऱ्या गाईच्या घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालतात, आणि ती पिसाळलेली असू शकते हे मनातही येत नाही. माझ्या मते जाणीव मोजायची ती इथे.

पिशवीत हातमोज्यांची जोडी, आजारांचे फोटो आणि 1962 हा जनावरांच्या उपचारांसाठीचा मदत क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवा. आणि एकदा तरी परत जा. मी मावशींकडे दोन महिन्यांनी गेलो तेव्हा ताप थांबला होता. त्यांनी मला दावणीला बांधलेली कालवड दाखवली आणि विचारलं, “हिला पाच म्हयनं झालं, आता टोचायची का?”