बाहेर व्यक्तिचित्र टिपण्यासाठी दिवसातील योग्य वेळ कशी निवडावी

लग्नाचा मुहूर्त पुष्कळदा दुपारी साडेबाराच्या आसपासचा असतो, आणि अक्षता पडल्या की घरातले कोणीतरी म्हणते, ‘उजेड छान आहे, अंगणात सगळ्यांचे फोटो काढून घेऊ.’ उजेड भरपूर असतो हे खरे; पण तो थेट डोक्यावरून येत असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते आणि मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात. माझ्या मावशीच्या लग्नातील सगळे फोटो असेच आहेत. त्यांतील एकाही फोटोत तिचे डोळे नीट दिसत नाहीत, याची हळहळ मला आजही वाटते. महागडा कॅमेरा असता तरी त्या फोटोंत फारसा फरक पडला नसता. तीच माणसे त्याच अंगणात साडेपाच वाजता उभी केली असती, तर मात्र निश्चित पडला असता.

वेळ निवडायची म्हणजे घड्याळातला एखादा ठरावीक आकडा पाठ करायचा असे नव्हे. सूर्य किती उंचीवर आहे, निवडलेली जागा कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि ज्याचा फोटो काढायचा ती व्यक्ती कोण आहे, या तीन गोष्टी जुळवून पाहिल्या की वेळ आपोआप हाती येते. ती कशी काढावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणांतील वेळा पुण्याच्या आहेत.

पहिली पायरी : सावली मोजावी

मोकळ्या जागी सरळ उभे राहून स्वतःची सावली पाहावी. सावली आपल्या उंचीइतकी असेल, तर सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर आहे. दुप्पट असेल, तर तो साधारण 27 अंशांवर उतरला आहे. सावली उंचीपेक्षा आखूड असताना उघड्या उन्हात चेहरा टिपू नये. ती दुप्पट झाली की ऊन समोरून किंवा बाजूने चेहऱ्यापर्यंत पोहोचू लागते, डोळ्यांत चमक येते आणि हनुवटीखालचा काळोख कमी होतो. सावली पावलांनी मोजता येते, त्यामुळे यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

हीच कसोटी वर्षभर वापरली, तर ऋतूंमुळे पडणारा मोठा फरक लक्षात येतो. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी पावणेचारच्या सुमारासच सावली दुप्पट होते आणि सकाळी सव्वानऊपर्यंत ती तशी असते. मेच्या मध्यात मात्र त्यासाठी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत थांबावे लागते आणि सकाळी आठ वाजताच चांगले ऊन हातचे गेलेले असते. मेच्या मध्यात एका दुपारी तर सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. याउलट डिसेंबरात भर दुपारीही तो सुमारे 48 अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणून हिवाळ्यातील दुपार उन्हाळ्यातील दुपारीइतकी वाईट नसते. ‘अकरा ते चार फोटो काढू नयेत’ हा सरसकट नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य सर्वांत उंच असण्याची येथील वेळ बारा नसून सरासरीने साडेबाराच्या थोडी पुढची आहे. म्हणजे सकाळी साडेअकराचे आणि दुपारी साडेबाराचे ऊन सारखे वाटले, तरी दुसरे अधिक उभे असते.

दुसरी पायरी : तळहाताने प्रकाशाची दिशा पाहावी

जागेवर पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढण्याआधी स्वतःचा हात चेहऱ्यासमोर, तळवा आपल्याकडे करून धरावा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरावे. एका दिशेला बोटांमधील घड्या कठोर दिसतात, दुसऱ्या दिशेला त्या मऊ होतात, तर तिसऱ्या दिशेला तळवा सपाट, निर्जीव वाटतो. जेथे तळव्याला गोलाई येते आणि तरीही घड्या बोचत नाहीत, त्या दिशेला व्यक्तीचे तोंड करावे. या कामाला अर्धे मिनिट लागते. ते टाळले, तर पुढचा अर्धा तास चुकीच्या बाजूला उभे राहून वाया जाऊ शकतो.

तिसरी पायरी : जागेचे तोंड ओळखावे

बहुतेकांचे चुकते ते येथे. वेळ ठरते, पण ती जागा त्या वेळी उन्हात असेल की सावलीत, हे कोणी पाहिलेले नसते. शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला जागेवर जाऊन यावे. ते जमत नसेल, तर निदान फोनमधील होकायंत्र आणि नकाशा यांवरून भिंतीची, घाटाची किंवा दाराची दिशा काढावी.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे या दरवाजासमोर, भिंतीच्या जवळ, अकरा वाजताही सावलीच असते, आणि समोरचे मोकळे आकाश चेहऱ्यावर एकसारखा मऊ उजेड टाकते. मात्र जूनच्या मध्यात पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ढग नसतील, तर त्याच भिंतीला ऊन घासून जाते आणि ती जागा बिघडते. दारही तेच आणि वेळही तीच, पण डिसेंबरात चालते ते जूनमध्ये चालत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हपुढे पश्चिमेचा समुद्र आहे, त्यामुळे तेथे संध्याकाळचे ऊन सरळ चेहऱ्यावर येते. गेटवे ऑफ इंडियाची समुद्राकडची बाजू मात्र सकाळच्या उन्हात उजळते.

डोंगर हा तर आपल्याकडचा मोठा घटक आहे. भोर, मुळशी, वाई या बाजूला खोऱ्यात उभे असाल, तर दिनदर्शिकेतील सूर्यास्ताच्या बराच आधी सूर्य डोंगराआड जातो. कोकणात याच्या उलट असते : सह्याद्रीमुळे पायथ्याच्या गावांत सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, पण किनाऱ्यावर संध्याकाळचा शेवटचा किरणही अडत नाही. गुहागर किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर फोटो काढायचे असतील, तर मी संध्याकाळच निवडेन.

जागा पाहताना आजूबाजूच्या रंगांकडेही लक्ष द्यावे, कारण उन्हाच्या वेळी प्रत्येक पृष्ठभाग स्वतःचा रंग परत फेकतो. चुन्याची पांढरी भिंत आणि फिकट वाळू चेहऱ्याच्या सावलीतील भाग हळुवार उजळतात. जांभ्याची भिंत तांबूस छटा देते. हिरवळ आणि दाट झाडी हनुवटीखाली हिरवट झाक आणतात, जी नंतर काढणे कठीण असते.

चौथी पायरी : सूर्यास्तापासून मागे मोजावे

इतर देशांतील मार्गदर्शकांत ‘गोल्डन अवर’, म्हणजे सोनेरी उजेडाचा काळ, सूर्यास्ताआधी पूर्ण तासभर चालतो असे गृहीत धरलेले असते. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाकडे अधिक उभा उतरतो, त्यामुळे आपल्याकडे हा काळ आखूड असतो. क्षितिजावर 10 अंश उंचीपासून मावळेपर्यंत पुण्यात साधारण पाऊण तास लागतो. लंडनमध्ये मार्चच्या अखेरीस तेवढ्यालाच तासाहून अधिक वेळ लागतो. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांमध्ये आडवी चार बोटे मावत असतील, तर अंतर सुमारे सात-आठ अंशांचे असते, म्हणजे जेमतेम अर्धा तास उरलेला असतो.

म्हणून सूर्यास्ताची वेळ पाहून तिच्या दीड तास आधी जागेवर पोहोचावे. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. दिनदर्शिकेत दिलेली वेळ एका शहराची असते; नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी मावळतो, आणि पाऊण तासाच्या कामात पंचवीस मिनिटे म्हणजे निम्म्याहून अधिक भाग असतो. कपडे, केस, उभे राहण्याची जागा हे सर्व आधीच ठरलेले असले, तरच तो पाऊण तास फोटो काढण्यासाठी मिळतो.

पाचवी पायरी : व्यक्तीचा विचार करावा

प्रकाश कितीही सुंदर असला, तरी थकलेल्या माणसाचा चांगला फोटो येत नाही. वृद्धांसाठी सकाळ निवडावी. आंघोळ, देवपूजा, चहा आटोपून ओसरीवर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता असते, ती संध्याकाळी क्वचितच सापडते. लहान मुलांसाठी झोपेची वेळ आधी विचारावी आणि मगच सूर्याची पाहावी. तरुण जोडप्यांना संध्याकाळ सोयीची असते, पण गर्दीच्या ठिकाणी सकाळचे पहिले ऊन अधिक चांगले, कारण तेव्हा माणसेही नसतात आणि वाराही कमी असतो.

पेहरावाचाही संबंध येतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि सावळा चेहरा ही आपल्या गावांतील नेहमीची जोडी. कडक उन्हात कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, टोपी तरी कागदासारखी कोरी होते किंवा चेहरा तरी काळवंडतो. येथे सावलीतील किंवा ढगाळ उजेड घ्यावा. पैठणीच्या जरीला मात्र कलते ऊन हवे, कारण ढगाळ उजेडात ती निस्तेज दिसते.

सहावी पायरी : दुपार टाळता येत नसेल तर

घराचे दार, पडवी, देवळाचा सभामंडप, कमान यांपैकी काहीही शोधावे. व्यक्तीला सावलीच्या कडेपासून एक-दोन पावले आत उभे करावे आणि तोंड बाहेरच्या मोकळ्या आकाशाकडे करावे. फार आत नेले, तर डोळ्यांतील चमक जाते. झाडाखालच्या विरळ सावलीत चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडत नाहीत ना, हे तपासावे. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात, म्हणून तेथून बाहेर पडून पांढऱ्या भिंतीची सावली गाठावी. चेहरा तरीही काळसर वाटला, तर थर्माकोलचा पांढरा तक्ता छातीच्या उंचीवर, चौकटीबाहेर धरावा. तो उत्तम काम करतो.

ढगाळ दिवस ही निराळीच सोय आहे. आषाढी वारीच्या वाटेवर आभाळ बहुधा भरलेले असते, आणि दिंडीबरोबर चालताना वेळ निवडण्याची मुभा नसली तरी दिवसभर मऊ उजेड मिळतो. ढगांतला उजेडही वरूनच येतो, हे मात्र विसरू नये : व्यक्तीला हनुवटी किंचित वर करायला सांगावे किंवा स्वतः थोड्या उंच जागेवरून टिपावे, म्हणजे डोळे उघडे दिसतात.

सातवी पायरी : शेवटचा पाऊण तास आणि त्यानंतर

सूर्य खाली आला की त्याच्या किरणांना वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि उरलेला पिवळा-तांबूस प्रकाश चेहऱ्यावर येतो. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगांची छटा जुळवणारी सोय, आपोआपवर ठेवले, तर तो हा सोनेरीपणा दोष समजून पुसून टाकतो. म्हणून ते सूर्यप्रकाशाच्या खुणेवर ठेवावे. आधी सूर्य व्यक्तीच्या पाठीशी ठेवून फोटो घ्यावेत, म्हणजे केसांना उजेडाची कड येते. अशा वेळी चेहरा काळा येतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावे, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यावा. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून सूर्याची खूण वर सरकवली तरी पुरते. ऊन पुरेसे मंद झाल्यावर व्यक्तीला सूर्याकडे वळवावे. डोळे मिचकावले जात असतील, तर तिला ते मिटून घ्यायला सांगावे आणि तीन म्हणताच उघडायला सांगावे. पहिल्या क्षणाला डोळे शांत असतात.

सूर्य बुडाला की लोक आवराआवर करतात, आणि मला याचे फार वाईट वाटते. त्यानंतर बावीस-तेवीस मिनिटे पश्चिमेचे सगळे आकाश एका मोठ्या मऊ दिव्यासारखे असते आणि त्यात वयस्क चेहऱ्यांवरील सुरकुत्याही कोमल दिसतात. व्यक्तीचे तोंड पश्चिमेकडे करावे, शटर 1/125 सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडे राहू देऊ नये आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, हळूहळू वाढवत न्यावा. फोनने टिपत असाल, तर कोपरे बरगड्यांना टेकवून धरावेत आणि व्यक्तीला दोन सेकंद स्थिर राहायला सांगावे, कारण अंधारात फोन एकाहून अधिक चित्रे जोडून फोटो तयार करतो आणि मध्येच मान हलली तर चेहरा पुसट येतो.