चिलकूटचा चढ आणि क्रिटेरियमचा शेवटचा टप्पा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सेंट क्रॉय नदीच्या काठी स्टिलवॉटर हे गाव आहे. ‘नेचर व्हॅली ग्रां प्री’, म्हणजेच २०१४ पासूनची ‘नॉर्थ स्टार ग्रां प्री’, या अनेक टप्प्यांच्या व्यावसायिक सायकल शर्यतीची सांगता येथील क्रिटेरियमने होत असे. क्रिटेरियम म्हणजे गावातल्या रस्त्यांवर आखलेल्या छोट्या मार्गावर घालायच्या अनेक फेऱ्या. मार्ग सपाट असला तर थकलेला सायकलपटूही घोळक्यात वाऱ्यापासून मिळणाऱ्या आडोशाने तासभर टिकून राहतो. स्टिलवॉटरला मात्र दर फेरीत चिलकूट हिल या टेकडीचा सुमारे वीस टक्क्यांचा (शंभर मीटरला वीस मीटर उंचीचा) चढ लागे, आणि अशा चढावरच्या संथ वेगाला आडोशाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

तयारीची सुरुवात गिअरपासून करावी. सायकलसह ७५ किलो वजन वीस टक्के चढावर ताशी १२ किलोमीटर वेगाने न्यायचे, तर सुमारे ४९० वॅट शक्ती लागते. एकदा हे कोणीही करील. प्रश्न शेवटच्या फेऱ्यांचा असतो. पुढच्या दातेरी चक्राला ३९ आणि मागच्याला २३ दात असतील, तर या वेगाला पॅडलचे मिनिटाला जेमतेम ५६ फेरे होतात आणि सगळा भार मांड्यांवर येतो. ३६ आणि २८ दातांवर तेच फेरे ७४ च्या आसपास जातात. मोठ्या गिअरची प्रौढी मिरवणारे सायकलपटू अशा मार्गावर अर्ध्यातच गळतात, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअर चढाच्या पायथ्याशी पोहोचण्याआधीच बदलावा, कारण पॅडलवर पूर्ण जोर असताना पुढची चेन लहान चक्रावर उतरवू गेल्यास ती निसटण्याची भीती असते.

मात्र अशा टप्प्याचा खरा निकाल चढावर लागत नाही. तो चढाच्या आधीच्या वळणावर लागतो. वळणात पहिले दहा-पंधरा जण आपला वेग राखून आत शिरतात, त्यांच्या मागचे ब्रेक लावतात, आणि सर्वांत मागचे जवळजवळ थांबतात. म्हणजे ज्याच्याकडे शक्ती कमी उरलेली असते त्यालाच शून्यातून वेग घ्यावा लागतो, तोही तीव्र चढावर, आणि पुढच्या एखाद्याने पाय टेकला तर त्याच्यामुळे सायकलवरून उतरावेही लागते. म्हणून जागा मिळवण्यासाठीची ताकद सपाट भागात खर्च करावी: तेथे दोन जागा पुढे सरकणे स्वस्त असते, चढावर तीच गोष्ट फार महाग पडते. सुरुवातीच्या रेषेवरही लवकर उभे राहावे, कारण पहिल्या फेरीत मागे पडलेल्याला पुढे येण्याची संधी क्वचितच मिळते.

चढताना शक्यतो सीटवर बसून राहावे. उभे राहिल्यास वजन पुढे जाते आणि रस्ता ओला असेल तर मागचे चाक घसरते. उभे राहणे भागच पडले, तर कंबर मागे ठेवावी. माथ्यावर दम घेण्याचा मोह आवरावा. पुढचे सायकलपटू माथा ओलांडताच वेग घेतात आणि मागचे अजून चढावरच असतात, त्यामुळे तेथे पडलेले पाच मीटरांचे अंतर काही क्षणांत कितीतरी पटींनी वाढते. माथ्यानंतरचे दहा-बारा जोरकस फेरे मारूनच श्वास घ्यावा. उतारावर हात हँडलच्या खालच्या भागावर ठेवावेत आणि ब्रेकचे काम वळणाआधी उरकावे. पाण्याचा घोटही उतारानंतरच्या सरळ रस्त्यावरच घ्यावा.

पंक्चर किंवा सायकलमधील बिघाड झाल्यास अमेरिकी नियमांप्रमाणे पिटमध्ये, म्हणजे मार्गाकडेच्या दुरुस्तीच्या जागेत, चाक बदलून एक फेरी माफ होते, पण शेवटच्या आठ किलोमीटरांत ही सवलत मिळत नाही. फार मागे पडलेल्यांना पंच शर्यतीबाहेर काढतात. टप्प्यांच्या शर्यतींत अशा सायकलपटूंना अनेकदा पूर्ण केलेल्या फेऱ्यांच्या प्रमाणात वेळ काढून निकालात धरले जाते. त्यासाठी किमान किती अंतर कापावे लागते, हे शर्यतीच्या माहितीपुस्तिकेत आदल्या रात्री पाहून ठेवावे. एकूण क्रमवारीत मागे असलेल्या सहकाऱ्याने आपल्या नेत्याला पायथ्याच्या वळणावर पुढे आणून सोडण्यात शक्ती संपवली आणि नंतर तो मागे पडला, तरी त्याचे काम झालेले असते. नेत्याने मात्र प्रत्येक हल्ल्याच्या, म्हणजे एकदम वेग घेऊन निसटू पाहणाऱ्याच्या, मागे धावू नये. आपल्यापासून काही सेकंदांच्याच अंतरावर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहावे, आणि अंतिम रेषेवर बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) असतील तर शेवटच्या फेरीत त्याच्या आधी त्या वळणात शिरावे.