झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियम: फरक डोपिंगचा की दोषांचा?

झिंक ऑक्साइडच्या पावडरीत ॲल्युमिनियम घातलं, विजेची वाहकता वाढली, म्हणजे डोपिंग (स्फटिकात झिंकच्या काही जागी ॲल्युमिनियम बसवणं) जमलं असं समजू नका. भाजण्याचं तापमान, भट्टीतली हवा आणि धुऊनही उरलेला सोडियम, या सगळ्यांनी स्फटिकात दोष (रिक्त जागा, नको असलेले अणू) येऊन वाहकता हलते. म्हणून डोपिंग न केलेला नमुना त्याच पद्धतीने बनवून त्याच फेरीत भाजा. तो नसेल तर पुढची मोजमापं फुकट.

झिंकच्या दर १०० जागांमागे २ ॲल्युमिनियम हवे असतील तर १०.७६ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि ०.३७५ ग्रॅम ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ५०० मिली डीआयनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यात विरघळवा. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडत, जोरात ढवळत पीएच ९ पर्यंत आणा. १०० मिलीच्या आसपास लागतं. घोटाळा इथेच होतो. पीएच १० च्या वर गेला की ॲल्युमिनियम ॲल्युमिनेट (विरघळणारं संयुग) होऊन पाण्यात उतरतो आणि धुताना वाहून जातो. तोलताना २ टक्के, पावडरीत त्याहून कमी. कागदावरच्या टक्केवारीवर विसंबू नका, आयसीपीने (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या प्लाझ्मा-विश्लेषणाने) मोजा. सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी अमोनिया वापरायचा मोह टाळा, झिंक त्यात विरघळतो.

साका (तळाशी बसलेला घन भाग) धुताना पाण्याची वाहकता स्थिर होईपर्यंत थांबू नका, कारण सोडियम झिंकच्या जागी बसला तर ॲल्युमिनियमने दिलेले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. ८० अंशांवर रात्रभर सुकवा, मग मिनिटाला ५ अंश चढवत ५०० अंश सेल्सिअसला २ तास भाजा.

एक्स-रे विवर्तनात ३४.४ अंशांजवळची (००२) रेषा (स्फटिकातल्या अणूंच्या एका थरसमूहाची) जरा मोठ्या कोनाकडे सरकायला हवी, कारण लहान अणू बसला की स्फटिक आक्रसतो: चार ऑक्सिजनांच्या वेढ्यात ॲल्युमिनियमची त्रिज्या ०.३९ अँगस्ट्रॉम, झिंकची ०.६०. पण नमुना होल्डरमध्ये थोडा उंच-खाली बसला तरी रेषा सरकते. पावडरीत चिमूटभर सिलिकॉन मिसळा आणि त्याच्या २८.४४ अंशांच्या रेषेशी ताडून पाहा. जादा ॲल्युमिनियम झिंक ॲल्युमिनेट म्हणून वेगळा पडतो. त्याची ३६.८ अंशांची रेषा झिंक ऑक्साइडच्या ३६.३ च्या रेषेत दडते, तेव्हा ५९.३ आणि ६५.२ अंश तपासा.

दोषांचं वाचन अवघड, आणि घाईघाईचे निष्कर्षही इथेच निघतात. प्रकाशदीप्तीत (प्रकाश पाडल्यावर नमुना जो उजेड देतो त्यात) ३८० नॅनोमीटरजवळचा पट्टा एक्सायटॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्या जोडीचा. ५०० ते ५५० मधला हिरवा पट्टा मात्र सरसकट ऑक्सिजनच्या रिक्त जागांच्या नावावर टाकू नका, झिंकच्या रिक्त जागा आणि तांब्याची अशुद्धीही तिथेच उजळते. ईपीआरमध्ये (एकट्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय माग घेणाऱ्या चाचणीत) १.९६ च्या जवळचा जी-घटक, म्हणजे संकेताची जागा सांगणारा आकडा, उथळ दात्यांचा (इलेक्ट्रॉन सहज सोडणाऱ्या अणूंचा वा दोषांचा) असतो, ऑक्सिजनच्या रिक्त जागेचा नव्हे. मुळात ती जागा खोल दाता आहे, इलेक्ट्रॉन सहज सोडत नाही, सामान्य तापमानाला वाहकतेत तिचा थेट वाटा नगण्य. हायड्रोजन मात्र उथळ दाता.

हवेत भाजलेल्या नमुन्याची वाहकता कमी आली तर ॲल्युमिनियमला दोष देऊ नका. ऑक्सिजन भरपूर असला की झिंकच्या रिक्त जागा वाढतात आणि इलेक्ट्रॉन गिळतात. तीच पावडर आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळून ४०० अंशांला तासभर तापवा, बिनडोपिंगच्या नमुन्यासह. दोन्हींची वाहकता सारखीच उसळली, तर श्रेय हायड्रोजनचं. तापमान फार चढवू नका, ऑक्साइडचं क्षपण होऊन (ऑक्सिजन निघून) झिंकची वाफ उडून जाते.