चवळीच्या पानापासून लसीपर्यंत: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सॅन डिएगोत जाऊन मी चवळी पेरते हे कळल्यावर आई म्हणाली, "यासाठी एवढं शिकलीस होय?" हो, यासाठीच. चवळीवर पडणारा काऊपी मोझॅक व्हायरस म्हणजे जेमतेम ३० नॅनोमीटरचा गोटा. माणसात किंवा उंदरात तो वाढत नाही, पण प्रतिकारपेशी त्याला चटकन परका म्हणून ओळखतात. त्याच्या पोटातला आरएनए त्यांना खडबडून जागं करतो. शिवाय आकार असा, की त्वचेखाली टोचला तर लिम्फ नोडपर्यंत (प्रतिकारपेशींच्या गाठीपर्यंत) वाहत जातो आणि तिथल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे परक्याची ओळख इतर प्रतिकारपेशींना करून देणाऱ्या पेशी, त्याला गिळतात. कॅन्सरचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, त्याच्या पाठीवर बसवायचं, एवढंच आपलं काम.

पहिली पानांची जोडी नीट उघडली की पानावर कार्बोरंडमची (पानाला बारीक ओरखडे पाडणारी) पूड भुरभुरवा, विषाणूचा थेंब टाका आणि हातमोज्याच्या बोटाने हलकेच चोळा. हलकेच म्हणजे तान्ह्या बाळाला तेल लावतात तसं. मी पहिल्या खेपेला कढई घासावी तसं घासलं. तिसऱ्या दिवशी अख्खा ट्रे करपलेला. मेलेल्या पेशीत विषाणू वाढणार कसा?

दोनेक आठवड्यांत पानं पिवळट, ठिपकेदार होतात. ती फॉस्फेट बफरमध्ये मिक्सरला लावा, गाळा, मग हूडखाली क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल घालून फिरवा. हिरवा रंग खाली जातो. वरचा पाण्याचा थर तेवढा घ्या, मधल्या सायीला पिपेट लावू नका. पुढे मीठ आणि पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून विषाणू खाली बसवायचा. विषाणू शुद्ध आहे का हे बघायला २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर काढा, ते १.८ च्या आसपास यायला हवं.

आता जोडणी. प्रत्येक विषाणूकणावर हाताशी येणारे ३०० लायसिन (एक अमिनो आम्ल) असतात. लिंकर म्हणजे दोन्हीकडे चिकटणारा जोडरेणू; त्याचं एक टोक त्यांना धरतं, दुसरं सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाला. म्हणून हर-टूचं (काही कॅन्सरपेशींवर जास्त असणाऱ्या प्रथिनाचं) पेप्टाइड मागवतानाच टोकाला सिस्टीन सांगा. ट्रिस बफर चुकूनही नको, लिंकर त्यालाच जाऊन चिकटतो. जादा लिंकर कॉलममधून काढला की पेप्टाइड त्याच दिवशी घाला, फ्रीजमध्ये ठेवून घरी जाऊ नका. आणि तीनशेच्या तीनशे जागा भरायचा हट्टही नको, कणांच्या गुठळ्या होतात.

शेवटी जेल, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून बघायची चाचणी. विषाणूचे दोन पट्टे दिसतात, २४ आणि ४२ किलोडाल्टनपाशी. त्यांच्या किंचित वर नवी रेघ उमटली तर पेप्टाइड बसलं. नाही उमटली तर उंदरांच्या खोलीकडे फिरकूसुद्धा नका.